आवाहन आणि विसर्जन : पूजेतील वस्तूचे आयुष्य

धार्मिक उपासनेतील वस्तूंविषयीचा मराठी विचार गेली दीडशे वर्षे मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. ईश्वर निराकार असेल तर त्याला आकार द्यावा की देऊ नये, हा तो प्रश्न. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा नाकारली, त्यावर मूर्तिपूजेच्या समर्थकांनी सामान्य साधकाचे चित्त स्थिर होण्यासाठी काही आलंबन, म्हणजे मनाला टेकण्यासाठी आधार, लागतोच असे उत्तर दिले, आणि पुढे वाद कितीही वाढला तरी बाजू त्याच राहिल्या. या दोन्ही पक्षांचे एक गृहीत मात्र समान होते : वस्तू ही खूण आहे, तिचे काम दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवण्याचे आहे, आणि ते काम झाले की तिचा विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रस्तुत व्याख्यानाची भूमिका वेगळी आहे. पूजेतील वस्तूला आयुष्य असते. ती कोणाच्या तरी हातून घडते, तिच्या ठायी दैवताला बोलावले जाते, तिची सेवा होते आणि शेवटी तिला निरोप दिला जातो. यांपैकी शेवटच्या अवस्थेचा विचार सर्वांत कमी झाला आहे, आणि मुंबईच्या उपनगरांत अलीकडे जे प्रश्न उभे राहिले ते बहुतेक सगळे त्याच अवस्थेतले आहेत.

उपनगरांचाच संदर्भ घेण्याला कारण आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा हा प्रदेश म्हणजे जुन्या साष्टी बेटाचा मोठा भाग, आणि या एवढ्याशा भूमीवर दोन हजार वर्षांत स्तूप, शिवलिंग, क्रूस, जिनप्रतिमा, शेंदूर माखलेला पाषाण, देवघरातला टाक आणि मांडवातला गणपती अशा उपासनावस्तू एकापाठोपाठ एक, आणि पुष्कळदा एकाच जागी, येऊन राहिल्या आहेत. इतक्या प्रकारच्या वस्तू इतक्या जवळ जवळ क्वचितच पाहायला मिळतात.

हिंदू घरातील पूजाविधी बारकाईने पाहिला तर वस्तूविषयीचे एक सुस्पष्ट तत्त्वज्ञान त्यात आढळते. पूजेचे सोळा उपचार सांगितले आहेत. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र असा तो क्रम नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्पापर्यंत जातो, आणि दारी आलेल्या सन्मान्य पाहुण्याचे जे जे करायचे ते सर्व त्यात येते. पाहुणा येतो तसा जातोही, हे या विधीला पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच शास्त्राने मूर्तीचे स्थिर आणि चल असे भेद केले; देवळात कायमची प्रतिष्ठा केलेल्या मूर्तीला रोज आवाहन आणि रोज विसर्जन करावे लागत नाही, परंतु तात्पुरत्या वस्तूच्या ठायी केलेल्या पूजेत ही दोन्ही टोके अनिवार्य असतात. सत्यनारायणाच्या किंवा वास्तुशांतीच्या पूजेत तांदळाच्या लहानशा राशीवर सुपारी ठेवून तिच्यावर गणपतीचे आवाहन होते, तांब्याच्या कलशात वरुणाला बोलावले जाते, विधी संपला की अक्षता वाहून दोघांना निरोप दिला जातो, आणि त्या क्षणानंतर सुपारी पुन्हा सुपारी होते व कलशातले पाणी घरभर शिंपडून उरलेले तुळशीला घातले जाते. वस्तूचे देवत्व कोणत्या क्षणी सुरू झाले आणि कोणत्या क्षणी संपले हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी परंपरा शोधणे कठीण आहे. पंचायतन पूजेतही आकाराचा आग्रह नाही. नर्मदेतील बाण हा शिव, गंडकीतील शाळिग्राम हा विष्णू, शोण नदीतील तांबडा दगड हा गणपती, आणि या दगडांना ना डोळे असतात ना हात.

या बहुतेक वस्तूंचा आकार मुठीत मावेल इतका आहे, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे. पूजा ही मुळात हाताने करायची गोष्ट आहे. स्नान घालणे, पुसणे, गंध लावणे, फूल वाहणे, उचलून ठेवणे या क्रियांना वस्तू हाताच्या मापाची असावी लागते, आणि ज्या हाताने तिची स्थापना केली त्याच हाताने तिला उचलून पाण्याशी नेता यावे हेही त्या मापातच गृहीत असते.

भाद्रपदातील घरगुती गणपती हे याचे सर्वांत पूर्ण उदाहरण होय. हा गणपती पार्थिव, म्हणजे मातीचा, असावा असा संकेत आहे. चतुर्थीला पूजा सांगणारे गुरुजी यजमानाला मूर्तीच्या हृदयस्थानी उजवा हात ठेवायला सांगून प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतात, दूर्वांकुराने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावले जाते, आणि तोवर कारखान्यातून आणलेली, कागदात गुंडाळलेली, रंगाचा वास न गेलेली जी वस्तू होती ती दैवत होते. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा होते. आरती, दहीपोह्यांची शिदोरी, डोक्यावर अक्षता, आणि मग मूर्ती पाटावरून किंचित हलवली जाते. शास्त्राच्या दृष्टीने निरोप येथेच झाला. त्यानंतर पाण्याकडे जाते ती मातीची आकृती, आणि तिला पाण्यात सोडून परतताना रिकाम्या पाटावर ओंजळभर वाळू घरी आणण्याची रीत कोकणातल्या आणि कोकणातून उपनगरांत आलेल्या कुटुंबांत अजून पाळली जाते. माती जिथून आली तिथे गेली आणि तिचा अंश पुढच्या वर्षासाठी घरी आला, असा हा वर्तुळाकार व्यवहार आहे. येथे एक अट मात्र न बोलता मानलेली आहे : वस्तू पाण्यात विरली पाहिजे. विसर्जनाचा विधी मूर्ती हलवल्याने पुरा होत असला तरी त्याची सचोटी मातीच्या विरघळण्यावर अवलंबून असते.

वस्तू आणि दैवत यांचे नाते केवळ हिंदूंनी असे तपशिलाने विचारात घेतले असे नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील या दीर्घ दालनाच्या टोकाशी स्तूप उभा आहे, आणि त्याच लेण्याच्या ओसरीत नंतरच्या शतकांत कोरलेल्या सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. आत आकाररहित स्तूप आणि बाहेर मानवाकृती बुद्ध, अशा दोन भिन्न कल्पना काही पावलांच्या अंतरावर नांदतात. बौद्ध परंपरेने पूज्य वस्तूंचे तीन वर्ग केले होते. अस्थी वगैरे शरीराचे अवशेष ते शारीरिक, भिक्षापात्र किंवा बोधिवृक्ष यांसारखे बुद्धाच्या वापरातले ते पारिभोगिक, आणि त्याचे स्मरण व्हावे म्हणून घडवलेली प्रतिमा ती उद्देशिक. या वर्गीकरणात प्रतिमेचे स्थान शेवटचे आहे. तिच्यात बुद्ध उतरून राहतो असा दावा नाही, कारण जो परिनिर्वाण पावला त्याला बोलावता येत नाही. तिच्यामुळे पाहणाऱ्याचे मन त्याच्याकडे वळते एवढेच तिचे काम. अंधेरीच्या कोंडिवटे लेण्यांत, म्हणजे आज महाकाली गुंफा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहात, नवव्या लेण्यातील स्तूप एका गोल खोलीत बंदिस्त असून त्या खोलीच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आहेत. स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या भिक्षूला त्या अरुंद, अंधाऱ्या वाटेवर डोळ्यांपेक्षा पायांनीच अधिक उपासना करावी लागत असली पाहिजे.

घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथे मोठ्या संख्येने राहणाऱ्या जैन समाजात हाच प्रश्न अधिक टोकदार रूपात विचारला गेला. मूर्तिपूजक जैनांच्या देरासरात, म्हणजे मंदिरात, नव्या जिनप्रतिमेची अंजनशलाका होते, म्हणजे शलाकेने प्रतिमेच्या नेत्रांत अंजन घालून तिला पूजायोग्य केले जाते. परंतु जैन तत्त्वज्ञानानुसार तीर्थंकर मुक्त झालेला आहे, तो कोणाची प्रार्थना ऐकत नाही, कोणावर प्रसन्न होत नाही आणि काही देतही नाही. पूजेचे फळ पूजा करणाऱ्याच्या मनात घडणाऱ्या बदलातच असते. पंधराव्या शतकात लोंकाशाहाने या विचारातून पुढचा निष्कर्ष काढला आणि त्या प्रवाहातून आलेल्या स्थानकवासी संप्रदायाने प्रतिमाच सोडून दिली. आज एकाच गल्लीत देरासर आणि स्थानकवासींचे स्थानक शेजारी असतात, एकाच कुटुंबात सून एका परंपरेची आणि सासर दुसऱ्या परंपरेचे असते, आणि तरीही या मूलगामी मतभेदाने घरे मोडत नाहीत. मराठी भाषक शेजाऱ्यांनी या वादाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे मराठी धर्मचर्चेतील उणेपण मानावे लागते.

साष्टीच्या ख्रिस्ती समाजाचा अनुभव आणखी निराळा आहे. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली, आणि बोरिवलीनजीकच्या मंडपेश्वर लेण्यात, जिथे सहाव्या शतकातील नटराज आणि शिवपार्वतीविवाहाची शिल्पे आहेत, तिथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केले व डोंगरावर मठ बांधला. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी हा मुलूख जिंकल्यानंतर पोर्तुगीज सत्ता गेली. वर मठाचे भग्नावशेष राहिले, खाली लेण्यात शिवपूजा पुन्हा सुरू झाली, आणि क्रूस मात्र भिंतीवरच राहिला. जिंकणारा दुसऱ्याच्या वस्तूवर आपली खूण कोरतो, ही गोष्ट इतिहासात नवी नाही. मंडपेश्वरचे वैशिष्ट्य असे की नंतर आलेल्यांनी ती खूण खरवडून काढली नाही, आणि त्यामुळे एकाच दगडावर दोन धर्मांच्या वस्तू वाचता येतात.

वस्तूची पूजा आणि वस्तूद्वारे पूजा यांतील भेद ख्रिस्ती धर्मशास्त्राने ७८७ मधील निकियाच्या दुसऱ्या परिषदेत मांडला : प्रतिमेला दिलेला मान हा तिच्या मूळ व्यक्तीकडे पोहोचतो, आणि आराधना मात्र केवळ ईश्वराची. वांद्र्याच्या टेकडीवरील माऊंट मेरी, कोळी लोकांची मोत मावली, येथे हा भेद प्रत्यक्षात कसा दिसतो ते सप्टेंबरच्या जत्रेत पाहण्यासारखे असते. वाटेवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, तान्ही बाळे, घरे ओळीने मांडलेली असतात. गुडघा दुखणारा पाय घेतो, मूल हवे असलेले जोडपे बाळ घेते, घरासाठी धडपडणारा घर घेतो, आणि त्यांत ख्रिस्ती, हिंदू, पारशी असे सगळे असतात. येथे वस्तू देवाकडून माणसाकडे येत नाही, माणसाकडून देवाकडे जाते. तळहातावर मावणाऱ्या त्या मेणाच्या पायात माणसाने स्वतःच्या दुखण्याला आकार दिलेला असतो आणि तो वेदीशी ठेवून मोकळ्या हाताने परतायचे असते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर वांद्रे, अंधेरी आणि आसपासच्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी रस्त्यांच्या कडेला क्रूस उभारले, त्यांतले अनेक आज काँक्रीटच्या जंगलात वाहतुकीला वळसा घालायला लावत उभे आहेत. रोग गेला, वस्तू राहिली, आणि तिला निरोप देण्याचा विधी कोणी सांगितलेला नसल्यामुळे रस्तारुंदीच्या प्रत्येक योजनेत तिचा प्रश्न नव्याने उपस्थित होतो.

आकार नसलेल्या दैवतांविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. आरे वसाहतीतील आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवरील वारली लोकांचा वाघोबा असो की गावोगावचा तांदळा, म्हणजे अवयव न घडवलेला, शेंदूर माखलेला पाषाण असो, त्याचे पूजन लेपनाने होते आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पश्चिम महाराष्ट्रातील अशा स्थानांवर पायी फिरून केलेल्या अभ्यासात शेंदूर हा बळीच्या रक्ताचा पर्याय असल्याचे मांडले. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा कित्येक वर्षांचा लेप काढल्यावर आतील मूळ रूप भक्तांसमोर आले, तेव्हा थर चढवणे जसे उपासनेचा भाग आहे तसे ते विधिपूर्वक उतरवणे हाही आहे, हे सर्वांच्या लक्षात आले.

उपनगरातील मराठी घरात या सर्वांहून जवळची वस्तू म्हणजे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेली खंडोबाची, भवानीची किंवा घराण्यातील वीरपुरुषाची ही प्रतिमा अंगठ्याच्या पेराहून फारशी मोठी नसते, तिच्या कडा रोजच्या पुसण्याने गुळगुळीत झालेल्या असतात आणि खंडोबाच्या घोड्याचे पाय कित्येकदा इतके झिजतात की ठाऊक असल्याशिवाय तो घोडा आहे हे कळत नाही. गावचे घर सोडून लोक आधी गिरणगावात आले, तेथून भांडुप, मुलुंड, बोरिवलीच्या सदनिकांत गेले, आणि प्रत्येक स्थलांतरात कपाटाआधी देव हलले. भाऊ वेगळे झाले की टाक कोणाकडे, हा प्रश्न भांड्यांच्या वाटणीइतका सहज सुटत नाही. बहुधा थोरल्याकडे मूळ देव राहतात, धाकटे सोनाराकडून नवे टाक पाडून घेतात आणि ते जेजुरीला नेऊन देवाला भेटवल्याशिवाय पूजेत ठेवत नाहीत. फार झिजलेले टाक मोडून त्याच चांदीत नवे घडवण्याची रीत काही घराण्यांत आहे, म्हणजे तेथेही निरोप आणि पुनरागमन यांची सांगड घातलेली आहे. कुलदैवत ही वाटून घेता येण्याजोगी मालमत्ता नव्हे हे कायद्यालाही मान्य करावे लागले. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील खटल्यात, पाळीने पूजा करणाऱ्या कुटुंबीयांच्या तंट्यात, घरची मूर्ती ही स्वतंत्र विधिव्यक्ती असून तिला मनास येईल तशी हलवता येणारी चीजवस्तू समजता येणार नाही असे ठरवले.

ज्यांनी मूर्तिपूजा विचारपूर्वक नाकारली त्यांच्या जीवनातही वस्तूचे सामर्थ्य कमी होत नाही, याची साक्ष घाटकोपरने फार मोठी किंमत देऊन दिली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची पूजा करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. उपनगरांतील बुद्धविहारांत बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते, परंतु मूर्तीला नवस बोलला जात नाही. कान्हेरीच्या काळातील उद्देशिक वस्तूची कल्पना येथे जवळजवळ शुद्ध रूपात परतली आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. पुतळ्यात देव नव्हता, कोणी त्याची प्राणप्रतिष्ठा केली नव्हती आणि तेथे जमलेल्यांपैकी कोणाचाही तसा समज नव्हता. त्या पुतळ्याच्या ठायी एका समाजाने स्वतःची प्रतिष्ठा ठेवली होती, आणि हार घालणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते. वस्तू ही केवळ खूण असून तिचे काय एवढे, असे म्हणणाऱ्या प्रत्येक सिद्धांताने त्या दहा मृत्यूंसमोर उभे राहून उत्तर द्यायला हवे. वस्तूचा अपमान करणाराही तिच्या सामर्थ्यावर विश्वास ठेवूनच अपमान करतो.

आता सार्वजनिक गणेशोत्सवाकडे वळता येईल. १८९३ पासून चालत आलेल्या गिरगावच्या केशवजी नाईक चाळीच्या गणपतीची मूर्ती आजही लहान आणि मातीची असते. पुढे उत्सव वाढला आणि मूर्तीही वाढल्या. साठच्या दशकात कारखान्यांच्या आधाराने उपनगरांत मंडळे उभी राहिली, त्यांतले अंधेरीच्या आझाद नगरातील १९६६ चे मंडळ आज 'अंधेरीचा राजा' म्हणून प्रसिद्ध असून तेथील गणपतीचे विसर्जन अनंत चतुर्दशीऐवजी नंतरच्या संकष्टीला होते. मूर्ती वीस-पंचवीस फुटांची झाली तेव्हा तिला स्नान घालणे, गंध लावणे, हृदयस्थानी हात ठेवणे अशक्य झाले, म्हणून पुढ्यात पूजेची वेगळी लहान मूर्ती ठेवण्याची पद्धत रूढ झाली. हा बदल लहान दिसला तरी धर्मदृष्ट्या मोठा आहे. हाताची मूर्ती आणि डोळ्यांची मूर्ती अशी वस्तूची फारकत झाली. पूजा एकीची होऊ लागली आणि गर्दी दुसरीची. डोळ्यांच्या मूर्तीला मर्यादा नसते, कारण दुरून दिसण्यासाठी ती शेजारच्या मंडळाच्या मूर्तीहून उंच असावी लागते.

ही उंची मातीला पेलत नाही. शाडूची मूर्ती जड असते, वाळायला वेळ घेते, तडकते. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, स्वस्त आणि रबरी साच्यात झटपट घट्ट होणारे असते. जिप्सम हे खनिज साधारण दीडशे अंश सेल्सियस तापमानाला भाजले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते, आणि ती पूड पाण्यात कालवली की पुन्हा जिप्सम होऊन दगडासारखी बसते. जी वस्तू पाणी पिऊनच घट्ट होते ती पाण्यात विरेल कशी? विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परतलेले हात आणि सोंडा हे प्रदूषणाचे चित्र म्हणून वर्षानुवर्षे छापले गेले, आणि ते खरेच आहे. परंतु त्याहून आधी ते अपुऱ्या राहिलेल्या विधीचे चित्र आहे. पाहुण्याला निरोप दिला आणि तो गेलाच नाही, असा त्याचा धार्मिक अर्थ होतो. मूर्तीच्या साहित्याचा प्रश्न पर्यावरणवाद्यांनी बाहेरून लादला, अशी तक्रार ऐकू येते. पार्थिव पूजेची परंपरा ठाऊक असलेल्याने ती करू नये.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई होती, मात्र अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सूचनांच्या काटेकोर पालनाचा आदेश दिला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी माघी गणेश जयंती आली. कांदिवली-बोरिवली पट्ट्यातील काही मंडळांच्या प्लास्टरच्या उंच मूर्ती तोवर मांडवात बसल्या होत्या. उत्सव पार पडला, उत्तरपूजेची वेळ आली, आणि समुद्रात सोडायला परवानगी नाही व कृत्रिम तलावात मावत नाही अशा कोंडीत या मूर्ती सापडल्या. त्यांपैकी 'चारकोपचा राजा' ही मूर्ती झाकून ठेवावी लागली आणि तिचे विसर्जन अखेर ऑगस्टच्या आरंभी मार्वे येथे झाले. मधल्या काळात न्यायालयाने ९ जूनला प्लास्टरच्या मूर्ती घडवण्याची मुभा दिली आणि २४ जुलैला सहा फुटांहून उंच मूर्तींना नैसर्गिक जलाशयात विसर्जनाची परवानगी दिली. ही सवलत मार्च २०२६ पर्यंतची होती, आणि सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींना कृत्रिम तलाव बंधनकारक राहिले.

त्या सहा महिन्यांत कापडाखाली काय होते, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतला नव्हता आणि मंडळांनीही तो उघडपणे विचारला नाही. ती पाहुणा म्हणून बोलावलेली दैवते होती म्हणावे, तर एवढ्या काळात त्यांना नैवेद्य आणि आरती हवी होती. उत्तरपूजेनंतरची निव्वळ आकृती होती म्हणावे, तर कार्यकर्त्यांच्या मनाला लागलेली टोचणी निराधार ठरते. ती टोचणी खरी होती, आणि तिचे मूळ न्यायालयाच्या आदेशाइतकेच स्थापनेच्या निर्णयातही होते. निरोपाचा विचार न करता आवाहन केले गेले होते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. त्या दोन वर्षांत सोळापैकी एकही उपचार कमी पडला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. प्लास्टरवर पोट असलेल्या पेण-हमरापूरच्या कारागिरांचा प्रश्न याहून खरा आणि कठीण आहे, आणि साहित्य बदलायचे तर त्यांच्या हातांना काम राहील अशा बेताने, पुरेशी मुदत देऊनच बदलायला हवे.

निरोपाचे शास्त्र विसरल्याची चिन्हे मोठ्या मूर्तींपुरती मर्यादित नाहीत. उपनगरातील जवळपास कोणत्याही जुन्या पिंपळाच्या पारावर काच फुटलेल्या तसबिरी, कान उडालेले संगमरवरी गणपती, मागील वर्षांच्या दिनदर्शिकेतील लक्ष्मीची कापून चौकटीत बसवलेली चित्रे, विटलेली वस्त्रे एकमेकांना टेकून ठेवलेली दिसतात. घरात ठेववत नाहीत आणि कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून ती झाडाच्या स्वाधीन केलेली असतात. पेशवाईच्या उत्तरार्धात रचलेल्या 'धर्मसिंधु'सारख्या ग्रंथाने देवप्रतिष्ठेबरोबर जीर्णोद्धाराचाही, म्हणजे जुन्या वा भंगलेल्या मूर्तीच्या विधिवत व्यवस्थेचाही, विचार केला होता. छापील तसबिरीच्या युगाने स्थापना तेवढी सोपी केली आणि तो भाग गाळला. नायगाव आणि भाईंदर यांच्यामधील खाडीपुलावर धावत्या लोकलमधून निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या आणि नारळ भिरकावले जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये असाच एक नारळ लागून पुलावरून पायी जाणाऱ्या एका माणसाचा जीव गेला. ज्या हाताने तो नारळ फेकला त्या हाताला आपण पूजा पुरी करत आहोत असेच वाटत असले पाहिजे, आणि या प्रकाराची खरी भयानकता तेथे आहे.

यावर उपाय नव्याने शोधावे लागणार नाहीत. उपनगरातील गणेशोत्सव मंडळांना या व्यासपीठावरून एवढीच विनंती आहे की मूर्तीची उंची ज्या बैठकीत ठरते त्याच बैठकीत तिचे साहित्य, विसर्जनाची जागा आणि ती उचलणारे हात ठरवावेत, आणि हे चार निर्णय एकत्र होईपर्यंत कारखानदाराला विसार देऊ नये. गृहनिर्माण संस्थांनी वर्षातून एक दिवस नेमून सभासदांच्या घरातील जीर्ण तसबिरी व भग्न मूर्ती गोळा कराव्यात, काच, लाकूड आणि कागद वेगळे करावेत, एका गुरुजींना बोलावून अक्षता वाहाव्यात आणि मातीचे मातीत, कागदाचे लगद्यात जाऊ द्यावे. आणि ज्यांच्या घरी शिकलेले पुरोहित आहेत त्यांनी पुढच्या पिढीला प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांबरोबर उत्तरपूजेचा अर्थही तितक्याच काळजीने शिकवावा.